कानातल्या आवाजावरचे संशोधन रुग्णाने कसे वाचावे

कानात अखंड आवाज येणाऱ्या, म्हणजे टिनिटस असलेल्या माणसाला नातेवाईक आणि मित्र मोठ्या मायेने एक गोष्ट वरचेवर पाठवत असतात, ती म्हणजे ‘टिनिटसवर अखेर उपाय सापडला’ अशा मथळ्याची बातमी. माझ्या डाव्या कानात गेली नऊ वर्षे कुकरची वाफ सुटावी तसा बारीक सूर चालू आहे, आणि या काळात अशा बातम्या इतक्या आल्या की त्यांच्यामागचे मूळ शोधनिबंध वाचायला शिकणे मला भाग पडले. मी डॉक्टर नाही. पुढे दिलेली पद्धत एका रुग्णाने वाचता वाचता, चुकता चुकता बसवलेली आहे, आणि ज्याला जेमतेम इंग्रजी वाचता येते व चिकाटी आहे अशा कोणालाही ती वापरता येईल, या खात्रीने मी ती लिहीत आहे.

वाचनाच्या आधीची तपासणी

शोधनिबंध उघडण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कानाची तपासणी आणि श्रवणतज्ज्ञांकडून ऑडिओग्राम (कोणत्या पट्टीचा आवाज किती ऐकू येतो याचा आलेख) झालेला असलाच पाहिजे. कानात घट्ट बसलेला मळ, मधल्या कानातला संसर्ग, हाड जखडल्यामुळे आलेला बहिरेपणा अशा कारणांवर सरळ उपचार असतात, आणि तिथे संशोधनाच्या मागे लागण्याची गरजच नसते. काही लक्षणांत तर वाचत बसणे धोक्याचे आहे. एका कानाचे ऐकू येणे तासाभरात किंवा दोन-तीन दिवसांत एकाएकी कमी झाले असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण या स्थितीत स्टिरॉइडचा उपचार जितका लवकर सुरू होईल तितकी आशा अधिक असते. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, फक्त एकाच कानात असेल, दोन्ही कानांच्या ऐकण्यात बराच फरक असेल, किंवा सोबत चेहरा वाकडा होणे, तोल जाणे असे काही असेल, तर स्कॅनची गरज पडू शकते. या खुणा नसताना प्रत्येकाने एमआरआय करून घ्यावा असे मात्र नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना अशा सरसकट स्कॅनच्या विरोधातच आहेत.

आपल्या आवाजाची नोंद

टिनिटस हा एक आजार नसून लक्षण आहे, आणि एकाच नावाखाली परस्परांशी फारसा संबंध नसलेल्या अनेक स्थिती येतात. म्हणून कोणताही अभ्यास ‘माझ्यासारख्यांवर’ झाला आहे की नाही, हे ठरवण्यासाठी आधी आपण कसे आहोत हे कागदावर लिहिलेले असावे. आवाज किती महिन्यांपासून आहे, एका कानात आहे की दोन्ही, ऑडिओग्राममध्ये कोणत्या पट्टीत ऐकणे कमी आहे, जबडा ताणल्यावर किंवा मान वळवल्यावर आवाज बदलतो का, झोप किती मोडते, आणि चालू असलेली औषधे कोणती, एवढ्या गोष्टी एका पानावर मावतात. औषधांची यादी विसरू नये. मोठ्या मात्रेतील ॲस्पिरिनने कानात आवाज येऊ शकतो आणि ते थांबवल्यावर तो बहुधा जातो, तर कानामायसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिनसारख्या इंजेक्शनांनी कानाच्या पेशी कायमच्या मरू शकतात. आपल्याकडे क्षयरोगाच्या उपचारात ही इंजेक्शने वर्षानुवर्षे दिली गेली आहेत, त्यामुळे जुन्या उपचारांचीही आठवण करून लिहावी. मात्र कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये.

याच पानावर आपला टीएचआय गुणांक लिहून ठेवावा. टीएचआय म्हणजे टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी; ही २५ प्रश्नांची प्रश्नावली न्यूमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. ‘होय’ला ४, ‘कधी कधी’ला २ आणि ‘नाही’ला ० असे गुण धरून एकूण ० ते १०० असा आकडा येतो, १६ पर्यंतचा त्रास नगण्य मानतात, ३८ ते ५६ हा मध्यम, आणि ७८ पासून पुढचा अतितीव्र. बहुतेक अभ्यासांत हाच आकडा, किंवा त्याच धर्तीचा टीएफआय नावाचा आकडा वापरलेला असतो, म्हणून तो आपल्याला स्वतःच्या अनुभवातून ओळखीचा असणे फार मोलाचे आहे. ज्या अभ्यासातील रुग्ण सरासरी ६० गुणांचे होते, त्याचा निष्कर्ष २० गुणांच्या माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही.

इथे एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या दोघांनी, ऐकण्यात कोणताही दोष नसलेल्या आणि टिनिटसची तक्रार नसलेल्या ८० प्रौढांना ध्वनिरोधक खोलीत काही मिनिटे बसवून काय ऐकू येते ते विचारले, तेव्हा त्यांपैकी ९४ टक्के लोकांनी कसला ना कसला आवाज ऐकू येत असल्याचे सांगितले. म्हणजे आवाज असणे आणि आवाजाचा त्रास असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२२ मध्ये ‘जामा न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या संकलनानुसार जगातील सुमारे १४ टक्के प्रौढांना, म्हणजे ७४ कोटींहून अधिक लोकांना टिनिटस जाणवतो, पण तीव्र त्रास असलेले १२ कोटींच्या घरात आहेत. संशोधन वाचताना हा फरक पदोपदी उपयोगी पडतो.

शोध कुठे आणि कसा घ्यावा

बातमीवरून थांबू नये, मूळ निबंधापर्यंत जावे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचे ‘पबमेड’ हे संकेतस्थळ विनामूल्य आहे आणि तिथे जगभरच्या वैद्यकीय निबंधांचे सारांश मिळतात. शोधाच्या चौकटीत टिनिटस हा शब्द इंग्रजीत लिहिताना पहिल्या ‘टि’नंतर ‘एन’ दोनदा येतो हे लक्षात ठेवावे. नुसता तेवढाच शब्द टाकला तर हजारो निबंध समोर येतात आणि माणूस हबकतो. म्हणून डाव्या बाजूच्या गाळण्यांपैकी ‘सिस्टिमॅटिक रिव्ह्यू’ ही आधी निवडावी, मग ‘रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल’. पहिल्या प्रकारात एखाद्या उपचारावरच्या सगळ्या चाचण्या गोळा करून, त्यांचे दोष तपासून एकत्र निष्कर्ष काढलेला असतो. दुसऱ्यात रुग्णांची गटवारी चिठ्ठ्या टाकल्यासारखी दैवाधीन पद्धतीने केलेली असते. ‘फ्री फुल टेक्स्ट’ ही गाळणी लावली की पूर्ण वाचता येणारे निबंध तेवढे उरतात.

कॉक्रेन या संस्थेची संकलने मी सर्वांत आधी पाहतो, कारण त्यांच्यात सर्वसामान्य वाचकासाठी सोप्या भाषेतला सारांश असतो आणि पुरावा किती भरवशाचा आहे हे त्यात स्पष्ट शब्दांत लिहिलेले असते. बीटाहिस्टिन हे औषध आपल्याकडे चक्कर आणि कानातला आवाज या दोन्हींसाठी सर्रास लिहून दिले जाते. कॉक्रेनच्या २०१८ च्या संकलनाला टिनिटससाठी या औषधाच्या फक्त पाच चाचण्या सापडल्या, एकूण रुग्ण तीनशेच्या आसपास, आणि प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा, त्याने फरक पडतो असा पुरावा मिळाला नाही. दहा मिनिटांत ही माहिती हाती येते. मला ती हाती यायला दोन वर्षे लागली, आणि तोवर त्या गोळ्या मी नेमाने घेतल्या.

तुलना कोणाशी केली आहे

वाचकाने सगळ्यात जास्त वेळ घालवायचा तो या प्रश्नावर. एखाद्या उपचारानंतर ‘६० टक्के रुग्णांना बरे वाटले’ असे वाक्य दिसले की लगेच पुढचा प्रश्न विचारावा: उपचार न घेतलेल्यांपैकी किती जणांना बरे वाटले? टिनिटसचा त्रास भरती-ओहोटीसारखा कमीजास्त होतो, आणि माणूस डॉक्टरांकडे किंवा अभ्यासात दाखल व्हायला जातो तो त्रास शिगेला पोहोचलेला असतानाच. तिथून पुढे काहीही केले नाही तरी बऱ्याच जणांचा त्रास थोडा उतरतो. शिवाय मेंदू त्या आवाजाला हळूहळू सरावतो, आणि कोणीतरी आपली नीट चौकशी करत आहे या भावनेनेही मन हलके होते. या सगळ्याचे श्रेय औषधाला जाऊ नये म्हणून तुलनेचा गट लागतो.

गिंको बिलोबाची गोष्ट यासाठी मी नेहमी सांगतो. या झाडाच्या पानांचा अर्क कानातल्या आवाजासाठी जगभर विकला जातो. ब्रिटनमध्ये ड्रू आणि डेव्हिस यांनी एक हजाराहून अधिक लोकांना टपालाने गोळ्या पाठवून बारा आठवडे चाचणी केली आणि ती २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. गिंको घेतलेल्या ३६० जणांपैकी ३४ जणांनी त्रास कमी झाल्याचे सांगितले. साखरेच्या गोळीसारखी निरुपद्रवी प्लासिबो गोळी घेतलेल्या ३६० जणांपैकी ३५ जणांनी तेच सांगितले. दुसरा आकडा झाकून पहिला तेवढा जाहिरातीत छापला, तर ‘गिंकोने अनेकांना आराम’ हे वाक्य खोटे ठरत नाही, आणि तरीही वाचक पूर्ण फसतो.

असेच चित्र मेनियरच्या विकारात दिसले. या विकारात चक्करचे झटके, कानात दडा, कमी ऐकू येणे आणि आवाज हे सगळे एकत्र येते. जर्मनीत २२१ रुग्णांचे तीन गट करून एका गटाला प्लासिबो, दुसऱ्याला बीटाहिस्टिनची कमी मात्रा आणि तिसऱ्याला जास्त मात्रा नऊ महिने देण्यात आली. २०१६ मध्ये आलेल्या निष्कर्षात तिन्ही गटांतील झटके काळाबरोबर कमी झाले होते, आणि गटागटांत फरक नव्हता. ज्या रुग्णाला जास्त मात्रा मिळाली त्याला आपण औषधानेच सावरलो असे अगदी मनापासून वाटले असणार. त्याचा अनुभव खरा आहे; त्याने लावलेले कारण मात्र चाचणीने सिद्ध झाले नाही. ओळखीच्या कोणाला अमुक गोळीने गुण आला हे ऐकताना मी हा अभ्यास आठवतो, म्हणजे त्या माणसावर अविश्वास दाखवावा लागत नाही आणि गोळीच्या मागेही धावावे लागत नाही.

तुलनेचा गट आहे एवढ्यानेही भागत नाही, तो कसला आहे हेही पाहावे लागते. अलीकडे गाजलेले एक उपकरण घ्या. आयर्लंडमधील डब्लिनच्या न्यूरोमॉड कंपनीचे ‘लेनायर’ हे यंत्र हेडफोनमधून आवाज आणि त्याच वेळी जिभेवर विजेची सौम्य झिणझिणी देते. २०२० मध्ये त्यावरची ३२६ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली, पण तिच्यात प्लासिबोचा गट नव्हता. वेगवेगळ्या प्रकारे लावलेली तीच यंत्रे एकमेकांशी ताडून पाहिली होती. मार्च २०२३ मध्ये एफडीए या अमेरिकेच्या औषध-उपकरण नियामक संस्थेने यंत्राला परवानगी दिली. त्यासाठी झालेल्या ११२ जणांच्या चाचणीत प्रत्येकाने आधी सहा आठवडे नुसता आवाज ऐकला आणि मग सहा आठवडे आवाज व झिणझिणी दोन्ही घेतली. मध्यम किंवा त्याहून अधिक त्रास असलेल्यांत दोन्हींच्या टप्प्यात ५८.६ टक्के लोकांना दखलपात्र फायदा झाला, नुसत्या आवाजाच्या टप्प्यात ४३.२ टक्के लोकांना. बातम्यांत पहिला आकडा ठळक येतो. दुसरा आकडा शेजारी ठेवला की महागड्या यंत्राने नुसत्या आवाजाहून किती अधिक मिळेल याचा अंदाज येतो, आणि झिणझिणीचा टप्पा नेहमी नंतरच आल्यामुळे गेलेल्या काळाचाही त्यात वाटा असू शकतो, हेही ध्यानात येते. यंत्र निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. फरक आहे, पण तो मथळ्याइतका मोठा नाही.

याच कल्पनेवर मिशिगन विद्यापीठातील सुसान शोअर यांच्या गटाने २०२३ मध्ये ९९ जणांची चाचणी प्रसिद्ध केली. तिथे गाल किंवा मानेवर विद्युतस्पंद आणि कानात आवाज अशी जोडी होती, आणि तुलनेला नुसता आवाज होता. निम्म्यांना खरा उपचार आधी आणि निम्म्यांना नंतर मिळाला, मध्ये विश्रांतीचे आठवडे होते, आणि आपल्याला कोणता उपचार मिळत आहे हे रुग्णाला किंवा तपासणाऱ्याला माहीत नव्हते. अशी मांडणी मला अधिक भरवशाची वाटते. पण या चाचणीत घेतलेले सगळे रुग्ण जबड्याच्या किंवा मानेच्या हालचालीने आवाज बदलणारे होते. आपल्या नोंदीच्या पानावर जबड्याचा प्रश्न का लिहायला सांगितला, त्याचे हे उत्तर.

मोजले काय

‘सुधारणा’ हा शब्द दिसला की त्याचे माप विचारावे. आवाजाची तीव्रता कमी झाली, की आवाजाचा त्रास कमी झाला? रुग्णाला ऐकवलेल्या सुराशी ताडून पाहिले तर कानातला आवाज बहुधा ऐकू येण्याच्या उंबरठ्यापेक्षा थोड्याच डेसिबलने वर भरतो, आणि तरीही त्याने एखाद्याचे जगणे असह्य झालेले असते. त्रासाचे मूळ केवळ तीव्रतेत नाही, हे संशोधकांना यातूनच उमगत गेले. पूर्वी सगळे कानातच आहे असे मानत. पण श्रवणमज्जातंतूवरची गाठ काढताना तो तंतूच कापला गेलेल्या रुग्णांचा आढावा हाउस आणि ब्रॅकमन यांनी १९८१ मध्ये घेतला, तेव्हा बऱ्याच जणांचा आवाज तसाच राहिलेला किंवा उलट वाढलेला आढळला. कान मेंदूपासून तोडला तरी आवाज राहतो, याचा अर्थ तो मेंदूतही घडतो. पॅवेल यास्ट्रेबॉफ यांनी १९९० मध्ये मांडलेल्या प्रारूपात भावना आणि सावधपणा यांचे मेंदूतील मार्ग या आवाजाला धरून ठेवतात असा विचार आला, आणि तेव्हापासून उपचारांचा मोठा प्रवाह आवाजाला सरावण्याकडे वळला.

कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे सीबीटी, या विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराचा पुरावा आजघडीला सर्वांत भक्कम समजला जातो. नेदरलँड्समधील मास्ट्रिक्ट येथे ४९२ रुग्णांवर झालेली आणि २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेली चाचणी यातली महत्त्वाची. कॉक्रेनच्या २०२० च्या संकलनात २८ अभ्यास आणि २,७३३ रुग्ण होते, आणि काहीच उपचार न मिळता प्रतीक्षायादीवर असलेल्यांच्या तुलनेत सीबीटी घेतलेल्यांचा टीएचआय गुणांक सुमारे ११ ने कमी निघाला. रुग्णाला जाणवेल असा फरक त्या संकलनाने ७ गुणांचा धरला होता, तेव्हा ११ ही खरीखुरी मिळकत आहे. तरीही माझ्या वाचकाने दोन गोष्टी तपासाव्यात. सीबीटीने आवाज बंद होत नाही. त्याची पकड सैल होते. आणि प्रतीक्षायादीशी केलेली तुलना ही प्लासिबोशी केलेल्या तुलनेइतकी कडक नसते, कारण ज्याला काहीच मिळाले नाही त्याला ते माहीत असते. हा उपचार मी स्वतः घेतला आहे आणि त्याच्या बाजूचा आहे, म्हणूनच त्यातली उणीव सांगणे मला आवश्यक वाटते.

सरासरीतला फरक जाणवण्याइतका आहे का, हा प्रश्न प्रत्येक निबंधाला विचारावा. मोठ्या अभ्यासात दोन गुणांचा फरकही संख्याशास्त्राच्या दृष्टीने ‘लक्षणीय’ ठरू शकतो, पण तेवढ्याने कोणाची झोप सुधारत नाही. प्रश्नावली भाषांतरित असेल तर त्या भाषेत तिची पडताळणी झाली आहे का, हेही पाहावे, विशेषतः भारतातील अभ्यासांत, कारण ‘अनॉइड’ या इंग्रजी शब्दाचे मराठी ‘वैताग’ की ‘चीड’ यावर उत्तर बदलू शकते.

उंदरांवरचे प्रयोग

प्राण्यांवरील संशोधन मी आदराने वाचतो, कारण कर्णशंखातल्या पेशींना काय होते ते जिवंत माणसाच्या कानात डोकावून पाहता येत नाही. २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन यांनी दाखवले की मोठ्या आवाजानंतर उंदराचा ऑडिओग्राम पूर्ववत झाला तरी आवाज टिपणाऱ्या केशपेशी आणि श्रवणतंतू यांच्यामधले अनेक जोड कायमचे तुटलेले असतात. ऑडिओग्राम ‘नॉर्मल’ असूनही कानात आवाज का येतो, या कोड्याचा एक धागा त्यातून मिळाला, आणि ढोल-ताशाच्या किंवा डीजेच्या भिंतीसमोर तासन्‌तास उभे राहून ‘दोन दिवसांत कान मोकळे झाले’ म्हणणाऱ्या आपल्या मुलांनी हे समजून घ्यावे असे मला फार वाटते. पण उपचाराचा दावा उंदरावर आधारलेला असेल तर थांबावे. उंदीर आपल्याला आवाज येतो असे सांगत नाही. शांततेचा छोटा खंड त्याला कळतो का, यावरून संशोधक तो ताडतात. ‘त्रास होतो का’ हे तर त्याहून दूरचे.

चाचणीची पायरी

माणसांवरच्या औषधचाचण्या टप्प्याटप्प्याने होतात, आणि लहान टप्प्यातले यश मोठ्या टप्प्यात टिकेलच असे नाही. टिनिटसच्या क्षेत्रात हे पुन्हा पुन्हा घडले आहे. कानाच्या पडद्याआड इंजेक्शनने द्यायचे ऑरिस मेडिकल कंपनीचे एस्केटामाइन सुरुवातीला आशादायक ठरले, पण तिसऱ्या टप्प्याच्या दोन मोठ्या चाचण्यांत अपयशी झाले. ओटोनॉमी कंपनीचे ओटीओ-३१३ छोट्या चाचणीत चमकले, आणि २०२२ मध्ये मोठ्या चाचणीत प्लासिबोपेक्षा सरस ठरले नाही. दोन्ही वेळा पहिली बातमी मला अनेकांनी पाठवली होती. दुसरी कोणीच पाठवली नाही. म्हणून बातमी मिळाली की रुग्णसंख्या आणि टप्पा दोन्ही वहीत टिपून ठेवावेत, आणि वर्षभराने तेच नाव पुन्हा शोधावे.

निबंधाच्या अखेरीस हितसंबंधांची नोंद असते. कंपनीने पैसे दिले म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण लेखक कंपनीचे भागधारक असतील तर स्वतंत्र गटाने तोच निष्कर्ष पुन्हा काढेपर्यंत वाट पाहावी.

चाचणीत भाग घ्यायचा असेल तर

भारतात औषधाची किंवा उपकरणाची चाचणी खरोखर चालू आहे का, हे सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत पाहता येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ती जुलै २००७ मध्ये सुरू केली, आणि आयुर्वेदाच्या चाचण्याही तिच्यात असतात. टिनिटसचे आयुर्वेदातले कर्णनाद हे नाव सुश्रुतसंहितेतल्या अठ्ठावीस कर्णरोगांत आहे. नाव जुने असले तरी उपचाराला तीच कसोटी लावायची, मग तो तेलाचा असो वा यंत्राचा. नोंदीत मुख्य माप कोणते ठरवले होते ते पाहावे आणि निबंधात तेच आले आहे का ते ताडावे. आधी ठरवलेल्या मापात अपयश आले म्हणून दुसरे माप पुढे केले असेल तर ते इथेच उघडे पडते.

सहभागी होताना संमतीपत्र आपल्याला समजणाऱ्या भाषेत मिळालेच पाहिजे. मराठीतले मागून घ्यावे, घरी आणून वाचावे, आणि नैतिक समितीच्या मंजुरीविषयी विचारावे. संशोधनाचा खर्च सहभागी व्यक्तीने सोसायचा नसतो. म्हणून ‘संशोधन’ म्हणत कोणी लाखभर रुपये मागत असेल, तर ते संशोधन नाही असेच धरावे. कानासाठी मूळपेशी टोचण्याच्या जाहिराती याच प्रकारच्या आहेत; परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही ठरावीक विकारांखेरीज मूळपेशींचा वापर नोंदणीकृत चाचणीबाहेर करणे अनैतिक ठरते. अशाच एका दवाखान्याने माझ्याकडून आगाऊ रक्कम घेतली होती, आणि नोंदवहीचा क्रमांक विचारल्यावर तिथून पुन्हा फोन आला नाही.

डॉक्टरांपुढे कागद ठेवताना

आपल्या सरकारी रुग्णालयांत कान-नाक-घशाच्या बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाला मिळणारा वेळ काही मिनिटांचाच असतो, त्यामुळे पंधरा पानी निबंध घेऊन जाण्यात अर्थ नाही. मी एकच पान नेतो. वरच्या भागात माझी नोंद आणि टीएचआयचा आकडा, खालच्या भागात निबंधाचे नाव, वर्ष, किती रुग्ण, तुलना कोणाशी, काय मोजले आणि किती फरक पडला, असे पाच-सहा ओळींत. त्याखाली एकच प्रश्न: ‘या अभ्यासातले रुग्ण माझ्यासारखे आहेत का?’ ‘हे औषध द्या’ असे म्हणण्यापेक्षा या प्रश्नाने संभाषण खुलते, आणि बहुतेक डॉक्टर पान हातात घेऊन वाचतात. ऐकणे कमी असेल तर श्रवणयंत्राचा प्रश्न आधी विचारावा, कारण अनेकांना त्यानेच आवाजाचा त्रास कमी होतो आणि बातम्यांत त्याला कधी जागा मिळत नाही. मुंबईच्या वांद्र्यातील अली यावर जंग संस्थेत, तसेच अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत श्रवणतज्ज्ञांकडून ही तपासणी होते.

माझ्या पानाच्या मागच्या बाजूला मी तारीख आणि डॉक्टरांचे उत्तर लिहून ठेवतो, आणि पुढच्या भेटीला तेच पान बरोबर नेतो.